प्रश्न कोणी विचारायचा? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मातांचे आरोग्य आणि संशोधनातला लोकसहभाग

दरवर्षी ११ ते १७ एप्रिल या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह पाळला जातो. 'ब्लॅक ममाज मॅटर अलायन्स' या संघटनेने तो २०१८ मध्ये सुरू केला. त्या आठवड्यात येणाऱ्या बातम्यांतला एक आकडा मराठी वाचकाला चक्रावून टाकतो. २०२३ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १४.५ होते, तर कृष्णवर्णीय मातांचे ५०.३. भारताच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर ३३ होता. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे या दोन आकड्यांची काटेकोर तुलना करू नये, हे खरे. तरीही आरोग्यावर जगात सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशातल्या एका समाजाचा आकडा आपल्या राज्याच्या आकड्यापेक्षा बराच वर असावा, ही गोष्ट सहज पचत नाही.

याच बातम्यांमध्ये हल्ली आणखी एक मागणी वाचायला मिळते. या विषयावरचे संशोधन कृष्णवर्णीय स्त्रियांवर न करता त्यांना बरोबर घेऊन करावे, अशी ती मागणी आहे. ऐकायला ती सौजन्याची वाटते, जणू पाहुण्यांना पंगतीत मानाचे पान द्यावे असे कोणी म्हणत आहे. माझ्या मते तिचा सौजन्याशी फारसा संबंध नाही. प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर बरोबर येईल की चूक हे ठरते, आणि या मागणीचे मूळ तिथे आहे.

आधी आकडा समजून घेऊ

गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गर्भारपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. वर दिलेले अमेरिकी आकडे या व्याख्येचे आहेत. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये मातामृत्यू आढावा समित्या असतात आणि त्या याच्या पुढे जाऊन बाळंतपणानंतरच्या पूर्ण वर्षातले मृत्यू तपासतात. प्रत्येक मृत्यूची कागदपत्रे मागवायची, घटनाक्रम जुळवायचा आणि हा मृत्यू टळला असता का हे ठरवायचे, असे त्यांचे काम असते. २०१७ ते २०१९ या वर्षांतल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार गर्भारपणाशी संबंधित मृत्यूंपैकी ८४ टक्के टाळता येण्याजोगे होते, आणि ५३ टक्के मृत्यू बाळंतपणानंतरच्या आठवड्यापासून वर्षापर्यंतच्या काळात झाले होते.

या दुसऱ्या आकड्यावर क्षणभर थांबायला हवे. निम्म्याहून अधिक माता बाळंतपणाला आठवडा उलटून गेल्यावर दगावल्या. प्रसूतिगृहातली फाईल तोवर बहुधा बंद झालेली असते. पाय सुजले होते का, रात्री धाप लागत होती का, दवाखान्यात फोन केला तेव्हा पलीकडून काय सांगितले गेले, हे सारे त्या फाईलबाहेर घडते. ते बहिणीला ठाऊक असते, शेजारणीला ठाऊक असते, किंवा डूलाला ठाऊक असते. डूला म्हणजे गर्भारपणात आणि बाळंतपणात सोबत करणारी, आधार देणारी प्रशिक्षित स्त्री. ती सुईण नव्हे आणि परिचारिकाही नव्हे.

समजा, फाईलमध्ये 'रुग्ण तपासणीस आली नाही' एवढीच नोंद आहे. आढावा घेणारा डॉक्टर ती वाचून निष्काळजीपणाचा निष्कर्ष काढू शकतो. तिच्या आईला विचारले तर कळते की दवाखान्याला जायला दोन बस बदलाव्या लागत, तान्हे मूल आणि शिवलेले पोट घेऊन ते जमण्यासारखे नव्हते, आणि त्याआधी दोनदा फोन करूनही लवकरची वेळ मिळाली नव्हती. मृत्यू तोच, कारण वेगळे, आणि म्हणून उपायही वेगळा. या समित्यांनी कुटुंबीयांच्या मुलाखती घेण्यावर आता भर दिला जातो तो यासाठीच. मृत्यूला भेदभावाचा हातभार लागला का, हे नोंदवण्याची सोय तर त्यांच्या अर्जात २०२० मध्ये झाली. त्याआधी त्या प्रश्नाला अर्जात रकानाच नव्हता.

हा गरिबीचा आणि शिक्षणाचा प्रश्न नाही का?

गरिबीचा वाटा आहेच, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा गर्भारपणाशी संबंधित मृत्युदर पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या ५.२ पट निघाला. शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही तो जास्त होता. याच केंद्रात काम करणाऱ्या साथरोगतज्ज्ञ डॉ. शॅलन अर्व्हिंग २०१७ च्या जानेवारीत, मुलीच्या जन्मानंतर काही आठवड्यांतच, वयाच्या ३६ व्या वर्षी वारल्या. आरोग्यातली विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. बाळंतपणानंतर त्रास होऊ लागल्यावर त्या पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या होत्या.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सचा अनुभव तिने स्वतःच जाहीरपणे सांगितला आहे. २०१७ मध्ये सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी तिला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. रक्ताच्या गुठळ्यांचा आजार तिला आधी होऊन गेला होता, त्यामुळे सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारे हेपॅरिन सुरू करा, असे तिने नेमके सांगितले. वेदनाशामकामुळे ती गोंधळली असावी, असे नर्सला वाटले. आधी पायांची सोनोग्राफी झाली आणि तीत काही सापडले नाही. मग सीटी स्कॅन झाले, तेव्हा फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. पैसा, प्रसिद्धी आणि स्वतःच्या शरीराची खडान्‌खडा माहिती हाताशी असूनही तिला आपले म्हणणे लावून धरावे लागले.

मग हे रक्तातच असेल, अनुवंशिक असेल, ही पुढची शंका येते. इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदींवर आधारलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,३३३ ग्रॅम होते, अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे ३,४४६ ग्रॅम, आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. दोष वंशाच्या रक्तात असता तर आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांची बाळे गोऱ्यांच्या बाळांच्या इतकी जवळ गेली नसती. आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. उन्हापावसात उघडी राहिलेली लाकडी चौकट जशी वेळेआधी झिजते, तसे रोजच्या अपमानाने, असुरक्षिततेने आणि ताणाने शरीर वयाआधी झिजते, असे त्या म्हणतात. ही झीज रक्ततपासणीच्या एका आकड्यात मावत नाही. ती कुठून होते हे जी स्त्री ते जगते तिलाच विचारावे लागते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे आपण म्हणतोच.

लोकसहभाग म्हणजे नेमके काय?

शिंप्याकडे फीत असते, कापडाची पारख असते, कात्री चालवण्याचे कसब असते. ब्लाऊज काखेत कुठे काचतो हे मात्र घालणारीच सांगू शकते. संशोधनातल्या लोकसहभागाचा अर्थ इतकाच आहे की ज्यांच्या आयुष्याबद्दल संशोधन चालले आहे त्यांनी माप देण्यापुरते उभे राहू नये, तर काय शिवायचे हे ठरवताना, शिवताना आणि घालून पाहताना त्यांचे म्हणणे धरले जावे. विषयाची निवड, प्रश्नावली, सहभागींना गाठण्याची पद्धत, आकड्यांचा अर्थ लावणे आणि निष्कर्ष परत लोकांपर्यंत नेणे, या सगळ्या टप्प्यांवर ते घडू शकते.

सर्वांत मोठा फरक अगदी पहिल्या टप्प्यावर पडतो. 'कृष्णवर्णीय स्त्रिया तपासणीला का येत नाहीत?' हा एक प्रश्न झाला. 'त्या येतात तेव्हा त्यांच्याशी काय घडते?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नातून जनजागृतीची पत्रके निघतात, दुसऱ्यातून दवाखान्याची झाडाझडती निघते.

सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि फ्रेझ्नो या कॅलिफोर्नियातल्या शहरांत तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी हे करून पाहिले. मुदतीआधी बाळंतपण होण्याचा धोका ज्यांना अधिक आहे अशा कृष्णवर्णीय आणि इतर वंशांच्या स्त्रियांना त्यांनी बोलावले. पहिल्या बैठकीत स्त्रियांनी आपले अनुभव सांगायचे आणि त्यातून उठणारे प्रश्न लिहून काढायचे, दुसऱ्या बैठकीत त्या प्रश्नांची क्रमवारी लावायची. ताणाचे काय करायचे, कर्मचारी असे का वागतात, आम्हाला पुरेशी माहिती का दिली जात नाही, असे प्रश्न त्यांतून पुढे आले. निधी देणाऱ्या संस्थांच्या यादीत अशा प्रश्नांना क्वचितच वरचा क्रमांक मिळतो.

प्रश्नावलीचेही तेच. लग्नाच्या मांडवात यजमान स्वतः पंगतीत येऊन 'जेवण कसे झाले?' असे विचारतो, तेव्हा भाजी खारट असली तरी आपण 'उत्तम' म्हणतो. रुग्णालयाने घरी जाणाऱ्या बाळंतिणीला 'आमच्या सेवेवर समाधानी आहात का?' असे विचारणे यापेक्षा फार वेगळे नाही. तिच्या कुशीत जिवंत बाळ असते, घरी जायची घाई असते, आणि पुढचे बाळंतपणही कदाचित तिथेच व्हायचे असते. डॉ. कॅरन स्कॉट या प्रसूतितज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय मातांना व समाजातल्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन बाळंतपणाच्या सेवेतला वंशभेद मोजणारी वेगळी मापनश्रेणी तयार केली. तिचे तीन भाग आहेत. माणूस म्हणून वागवले गेले का, हा पहिला. वंशभेद झाला का, हा दुसरा. आणि नात्यागोत्याच्या माणसांशी असलेला बंध जपला गेला का, हा तिसरा. हा तिसरा भाग पाहून मला त्या श्रेणीमागची माणसे दिसली. बाळंतिणीजवळ कोण बसणार, हा प्रश्न आपल्या घरांमध्येही किती मोलाचा असतो! तो वैद्यकीय मोजपट्टीवर आणावा, असे बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही.

लॉस एंजेलिसचे उदाहरण याहून जुने आहे. कृष्णवर्णीय बाळे कमी वजनाची आणि मुदतीआधी का जन्मतात, हे शोधण्यासाठी रोग नियंत्रण केंद्राच्या पैशातून तिथे १९९२ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून 'हेल्दी आफ्रिकन अमेरिकन फॅमिलीज' ही संस्था उभी राहिली. लॉरेटा जोन्स या कार्यकर्तीने तिचे नेतृत्व केले. विद्यापीठ आणि वस्ती यांनी निर्णयात बरोबरीने बसायचे, ही तिथली कार्यपद्धती पुढे इतर विषयांतही वापरली गेली. त्या कामातून निघालेला एक उपक्रम म्हणजे गर्भवती स्त्रीसाठी जाणीवपूर्वक करायच्या दयेच्या शंभर छोट्या कृतींची मोहीम. वरवर पाहता यात संशोधन ते काय, असे वाटेल, आणि डोहाळजेवणाच्या संस्कृतीत वाढलेल्यांना तर यादी करण्याची गरजच विचित्र वाटेल. पण ज्या देशात पगारी बाळंतरजा देशव्यापी कायद्याने मिळत नाही, तिथे ताण हा आजाराचा धागा आहे असे एकदा दिसले की तो हलका करणे हा उपचारच ठरतो, आणि तो उपचार वस्तीच्या हातात असतो.

अविश्वासाला इतिहास आहे

कृष्णवर्णीय स्त्रिया संशोधनात नाव नोंदवायला कचरतात, अशी तक्रार संशोधक वारंवार करतात. तिला अज्ञान म्हणणे हा आळशीपणा आहे. १८४० च्या दशकात अलाबामातल्या माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने बाळंतपणात झालेल्या अंतर्गत जखमा शिवण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. ज्यांच्यावर त्याने प्रयोग केले त्या गुलाम स्त्रिया होत्या, त्यांना भूल दिली नव्हती, आणि नकार देण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही त्यांच्यातली नोंदली गेलेली तीन नावे. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. सिम्सला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरवण्यात आले आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला असलेला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. अलाबामातच टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य सेवेने उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचार न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवले. संशोधनापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी घेण्याचे अमेरिकेतले आजचे नियम मोठ्या प्रमाणात याच प्रकरणानंतर आले.

सामान्य माणसांमुळे शास्त्र पातळ होणार नाही का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. उत्तर असे की कात्री शिंप्याच्याच हातात राहते. नमुना किती मोठा हवा, तुलनागट कसा निवडायचा, योगायोग आणि कारण यांत फरक कसा करायचा, हे संख्याशास्त्राचे नियम बैठकीत मतदान घेऊन बदलत नाहीत. निष्कर्ष नावडता निघाला तरी तो दडपायचा नाही, हे दोन्ही बाजूंनी आधीच लिहून घ्यावे लागते.

शिवाय समाजाला बाहेर ठेवलेले शास्त्र निर्मळ होते, हे गृहीतही तपासायला हवे. सिझेरियननंतर पुढचे बाळंतपण नैसर्गिकरीत्या होण्याची शक्यता किती, हे सांगणारे एक गणकयंत्र अमेरिकेत अनेक वर्षे वापरात होते. वय, वजन, आधीची बाळंतपणे यांच्याबरोबर त्यात वंशही भरावा लागे, आणि 'कृष्णवर्णीय' असे भरताच यशाची शक्यता घटलेली दिसे. आकडा कमी दिसला की डॉक्टर पुन्हा सिझेरियन सुचवण्याची शक्यता वाढते, त्यामुळे नैसर्गिक बाळंतपणे आणखी कमी होतात, आणि आकडा 'खरा' ठरतो. गणित चोख होते. वंश हा रकाना तिथे नेमके काय मोजतो, त्वचेचा रंग की त्या रंगाला मिळणारी वागणूक, हा प्रश्न मात्र विचारला गेला नव्हता. २०२१ मध्ये तो रकाना काढून गणकयंत्र नव्याने बेतले गेले.

खुर्ची दिली म्हणजे सहभाग झाला का?

नाही, आणि सहभागाच्या नावाखाली सर्वाधिक फसवाफसवी इथेच चालते. १९६९ मध्ये शेरी आर्नस्टीन यांनी नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली दिशाभूल, मध्ये माहिती देणे आणि सल्ला घेणे, सर्वांत वर नागरिकांचे नियंत्रण. अर्ज मंजूर झाल्यावर, प्रश्नावली छापून झाल्यावर दोन स्त्रियांना बोलावून 'तुमचे काय मत?' असे विचारणे ही मधलीसुद्धा पायरी नव्हे.

कुठली पायरी आहे हे ओळखायला अंदाजपत्रक वाचावे. प्राध्यापकाचा वेळ पगारात मोजला जातो, कार्यकर्तीचा भेटकूपनात. बैठक कामाच्या वेळेत ठेवली की घंटेवारी मजुरीवर काम करणारी आई येऊ शकत नाही. मुलांना सांभाळण्याची सोय नसेल तरीही येऊ शकत नाही. मानधन नीट दिले तर तेही उत्पन्नात धरले जाऊन सरकारी मदतीवर परिणाम होण्याची भीती असते. म्हणून ते कसे द्यायचे हे आधी त्या स्त्रियांशी बोलूनच ठरवावे लागते. जमलेली माहिती कोणाच्या मालकीची, शोधनिबंधावर कोणाचे नाव, हे मुद्दे तर बहुतेक वेळा भांडण झाल्यावरच निघतात.

समाज म्हणजे कोण, हाही अवघड प्रश्न आहे. मिसिसिपीच्या खेड्यातली स्त्री, बॉस्टनमध्ये स्थायिक झालेली हैतीची स्त्री आणि मिनिआपोलिसची सोमाली स्त्री यांचे अनुभव एकाच प्रतिनिधीच्या तोंडून येणार नाहीत. ज्यांचे बोलणे सर्वांत महत्त्वाचे होते त्या तर हयात नाहीत. जवळून मरण पाहून आलेल्या स्त्रीला दर बैठकीत तीच कहाणी सांगायला लावणे, हाही एक प्रकारचा छळ होऊ शकतो.

याने जीव वाचतात का?

संशोधनाच्या पद्धतीमुळे थेट किती मृत्यू टळले, हे मोजणे कठीण आहे, कारण एकूण संख्येच्या मानाने मातामृत्यू विरळ असतात आणि एखाद्या शहरातल्या प्रकल्पात फरक दाखवण्याइतके घडत नाहीत. मात्र लोकांनी स्वतः प्रश्न ओळखून उपाय ठरवले तर काय होते, याचा पुरावा आहे, आणि तो आपल्याकडचा आहे. झारखंड आणि ओडिशात 'एकजूट' या संस्थेच्या महिला गटांवरची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आणि नवजात बालकांचे मृत्यू लक्षणीयरीत्या घटल्याचे तीत दिसले. अशा सात चाचण्यांचे २०१३ मध्ये एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा मातामृत्यूही घटत असल्याचे संकेत दिसले. उलट मुंबईच्या वस्त्यांमध्ये याच धर्तीवर केलेल्या चाचणीत असा परिणाम दिसला नाही. ही बाजूही सांगितली पाहिजे. दाट शहरी वस्तीत, जिथे बहुतेक बाळंतपणे रुग्णालयांतच होतात, तिथे गटांची पद्धत तशीच्या तशी लागू पडतेच असे नाही. अमेरिकेतली बाळंतपणेही जवळपास सगळी रुग्णालयांतच होतात, त्यामुळे झारखंडचा आकडा तिकडे उचलून नेता येणार नाही.

वेळ आणि पैसा जास्त लागतो, हा आक्षेप तर सरळ मान्य करावा. विश्वास जमायला वर्षे जातात आणि अनुदान बहुधा ठरावीक मुदतीचेच असते. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने आरोग्यातल्या विषमतेशी संबंधित अनेक संशोधन अनुदाने मध्येच रद्द केली. अशा वेळी विद्यापीठातला संशोधक दुसऱ्या विषयाकडे वळू शकतो. वस्तीतल्या ज्या कार्यकर्तीने आपल्या शब्दावर शेजारणींना या कामात आणले, तिला त्याच गल्लीत राहायचे असते.

आणि सहभाग खरा ठरू लागला की तो बोचूही लागतो. टेक्सास राज्याने २०२२ मध्ये मातामृत्यूंचा अहवाल पुढे ढकलला, तेव्हा आढावा समितीत समाजाची प्रतिनिधी म्हणून बसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीने उघडपणे आक्षेप घेतला. २०२३ मध्ये कायदा बदलून त्या जागेच्या अटी नव्याने ठरवल्या गेल्या आणि तिची जागा गेली. २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून राखलेल्या खुर्चीवर सॅन अँटोनिओ या महानगरातल्या, गर्भपाताच्या विरोधातल्या भूमिकेसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या एका प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरची नेमणूक झाली.